डावीकडचा दिवा

मी दोन्ही हात पुढं केले आणि बाबांनी ते घेतले नाहीत.

आम्हा बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, माणसांत भेटायची एक रीत आहे. धाकट्यानं दोन्ही हात पुढं करायचे, मोठ्यानं ते आपल्या हातांत घ्यायचे आणि मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावायची. सिनेगॉगमधून बाहेर पडताना, परगावाहून आल्यावर, भांडण मिटल्यावरसुद्धा एवढंच. जन्मापासून हजारदा केलं असेल मी. पण आपण हात पुढं करावेत आणि समोरून हातच येऊ नयेत, असं माझ्या चोवीस वर्षांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मुंबईहून रेवदंड्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. हनुक्काचा, आमच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचा, सातवा दिवस होता. दार सताड उघडं, खिडकीतल्या फळीवर सात दिवे लागलेले, आणि बाबा आपल्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसलेले. दार त्यांच्या डाव्या हाताला, आणि उजव्या हाताला स्टुलावर माझा थोरला भाऊ रूबेन.

"बाबा, मी आले," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही, रूबेनकडे.

"आली का?" त्यांनी रूबेनला विचारलं. "मग जेवायला वाढा म्हणावं तिला."

आणि पुन्हा दिव्यांकडे बघत बसले. मी तशीच हात पसरून उभी. आतून आई पदराला हात पुसत आली, तिनं माझे हात घेतले, बोटं ओठांना लावली आणि म्हणाली, "दमलीस काय गो? बोटीला गर्दी होती?" तिनं काही पाहिलंच नाही असं दाखवलं. मग मीही तसंच दाखवलं.

पण कारण मला ठाऊक होतं.

दीड महिन्यापूर्वी मी बाबांना एक पत्र लिहिलं होतं. मी तेव्हा मुंबईत एका इस्पितळात नर्स होते. तिथंच एक्स-रे काढणारा मुकुंद टिपणीस, मूळचा पेणचा. आमचं लग्नाचं ठरलं होतं. तो यहुदी नाही, होणारही नाही, मीही माझा देव सोडणार नाही, असं सगळं मी स्वच्छ लिहिलं. तुमच्या होकाराशिवाय मला हे करायचं नाही, असंही लिहिलं. आणि वरती उजव्या कोपऱ्यात, तारखेखाली, दोनदा रेघ मारून: 'हे फक्त तुमच्यासाठी. दुसऱ्या कुणाला दाखवू नका.'

बाबा तीस वर्षं टपालखात्यात होते. पत्राला उलटटपाली उत्तर न देणं म्हणजे त्यांच्या लेखी माणसाच्या तोंडावर दार लावणं. दर आठवड्याला मला त्यांचं कार्ड यायचं. त्यात वाडीतल्या सुपाऱ्यांपासून आत्याच्या गुडघ्यांपर्यंत सगळी खबरबात असायची. माझं पत्र गेलं आणि कार्डं बंद झाली. शेवटी आईनं सांगून रूबेनकडून लिहवून घेतलेलं आंतर्देशीय आलं. 'सणाचे शेवटचे दोन दिवस तरी ये.' बाबांचा त्यात साधा आशीर्वादही नव्हता. रजा काढली आणि निघाले. नाही तर नाही, पण तोंडानं सांगतील म्हणून निघाले. ते सांगणं मला दारातच मिळालं होतं.

"यंदा दिवे मेले धड जळत नाहीत," सिपोरा आत्या पाट मांडता मांडता म्हणाली. ही बाबांची थोरली बहीण. विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असायची आणि घराला गप्प बसू द्यायची नाही. "शमुएल दिवे लावतो नि डावीकडचे विझून जातात. रोज तुझी आई मागनं पुन्हा लावते."

"वारा येतो खिडकीतून," आई म्हणाली.

वारा काही नव्हता. पण माझं लक्ष तिकडं नव्हतं.

जुनी माणसं सांगायची की हा सण आमच्या कोकणातल्या लोकांना पूर्वी माहीतच नव्हता. यरुशलेमच्या मंदिरात एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं, त्याच्या आधीच म्हणे आमचे पूर्वज गलबत फुटून इथल्या किनाऱ्याला लागले होते. माझ्या आजोबांनी पलटणीत असताना सण शिकून घेतला, घरी आणला, आणि सागवानी फळीला आठ भोकं पाडून त्यांत काचेचे आठ पेले बसवले. खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. तेव्हा तेलाची आमच्या घरी काय कमी! पहिल्या दिवशी उजवीकडचा एकच दिवा लावायचा आणि मग रोज एकेक डावीकडे वाढवत न्यायचा.

त्यात आजोबांनी आपल्या मनाची एक भर घातली होती. दिवे आठ आणि घरातली माणसंही आठ. उजवीकडून पहिला आजोबांचा, मग आजीचा, बाबांचा, आईचा, सिपोरा आत्याचा, तिच्या यजमानांचा, रूबेनचा, आणि अगदी डावीकडचा आठवा माझा, मिलकाचा. त्यांतली तीन माणसं आता नव्हती, तरी त्यांचे दिवे होतेच. लहानपणी मी यावरून भोकाड पसरायची. आजोबांचा दिवा आठ दिवस आणि माझा एकच दिवस, हा कुठला न्याय? तर बाबा मला कडेवर घेऊन म्हणायचे, "अगं, तुझ्या दिव्यासाठीच तर बाकीचे सात दिवस थांबायचं." नवा दिवा आधी लावायचा असतो. म्हणून आठव्या संध्याकाळी बाबा नावं घेत दिवे लावायचे तेव्हा पहिलं नाव माझं यायचं.

जेवायला बसलो. माझी लहानपणापासूनची जागा बाबांच्या डाव्या हाताला, तिथंच बसले. बाबांनी भातात आमटी कालवली, एक घास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ वाढलं नाही कुणी?"

मीठ वाढलेलं होतं, पानात डावीकडे, जिथं असतं तिथं. मला चांगलं दिसत होतं. आईनं चिमूटभर उचलून त्यांच्या उजव्या अंगाला ठेवलं. बाबांच्या स्वभावात खुसपट काढणं नव्हतं. माझ्यावरचा राग आईवर निघतोय, असं मी धरलं.

मी मुंबईहून हलवा आणला होता. आईनं त्याची वडी त्यांच्या पानात डावीकडे वाढली होती. बाबांनी अर्धं पान संपवलं, अर्धं तसंच टाकलं आणि हात धुवायला उठू लागले.

"अरे शमुएल, हलवा टाकलास?" आत्या म्हणाली. "पोरीनं एवढा मुंबईहून आणलाय!"

"कसला हलवा?" बाबा म्हणाले.

ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. रागानं म्हणाले असते तर चाललं असतं. जिनं आणला तीच नाही, तर हलवा कुठून असणार? उठताना त्यांचा माझ्याकडचा गाल दिव्याच्या उजेडात आला. त्यावर आठवडाभराची पांढरी खुरटी दाढी होती.

बाबा रोज सकाळी दाढी करायचे. निवृत्त झाल्यावरही, तापात असतानाही. आणि आमच्यात दाढी ठेवतात ती सुतकात.

मग मला आत्यानंच एकदा सांगितलेली गोष्ट आठवली, पूर्वी कुठल्याशा गावात झालेली. मुलीनं परधर्मात लग्न केलं तर बाप सात दिवस जमिनीवर बसला, कपडा फाडला, दाढी केली नाही. मुलगी जिवंत असताना तिचं सुतक पाळलं. पुढं ती रस्त्यात समोर आली तरी तिथं कुणी नसल्यासारखा तो चालत जायचा. मी तेव्हा दहा वर्षांची होते. "मग ती हाक मारायची नाही?" मी विचारलं होतं. "मारायची की," आत्या म्हणाली होती, "पण मेलेल्या माणसाच्या हाकेला कोण ओ देतं?"

सकाळी बाबा समुद्राकडे फिरायला निघाले. आमच्या प्रत्येक दाराच्या चौकटीला, आत येताना उजव्या हाताला येईल अशी, मेझुझा असते. देवाच्या वचनाची छोटी डबी. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची. बाबा चुकूनही विसरायचे नाहीत. त्या दिवशी ते तिला हात न लावता बाहेर पडले. वर डावा खांदा चौकटीवर आपटला, तरी थांबले नाहीत.

मी दाराआडून बघत होते. माझ्यापायी त्यांनी देवाशीही भांडण केलंय, असं माझ्या मनानं घेतलं. तासाभरानं ते परत आले तेव्हा मात्र त्यांनी मेझुझेला हात लावला, बोटं ओठांना लावली. मला काही उमजेना. पण ज्याला दुःख व्हायचं असतं तो असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरत नाही.

आई विहिरीवर भांडी विसळत होती, तिला जाऊन विचारलं. "आई, बाबा माझ्याशी बोलत का नाहीत?"

"तुझ्याशीच नाही गो. हल्ली असेच आहेत, आपल्याच नादात," आई म्हणाली. "दिवाळीच्या मागेपुढे वाडीत चक्कर येऊन बसले, तेव्हापासून. तुझं पत्र आलं ना, त्याच आठवड्यात. पित्त असेल. दोन दिवस लिंबाचं सरबत दिलं, उठून फिरायला लागले."

"पत्रात काय होतं, सांगितलं त्यांनी?"

"मला मेलीला काय वाचता येतंय? सदऱ्याच्या खिशात ठेवलंय त्यांनी. धुवायला टाकताना काढतात नि नव्या सदऱ्यात घालतात. रूबेननं मागितलं तर त्यालाही दिलं नाही."

चक्कर, त्याच आठवड्यात. मी तीन वर्षांची शिकलेली नर्स. साठीच्या माणसाला चक्कर आली म्हटल्यावर रक्तदाब कुणी पाहिला का, हे मला विचारायला हवं होतं. मी काय केलं? माझ्याच पत्रानं त्यांना चक्कर आली, म्हणून विहिरीच्या काठावर बसून रडले. आईनं कारण विचारलं, तेही सांगितलं नाही.

दुपारी मी मनाशी एक ठरवलं. संध्याकाळी आठवा दिवा. बाबांनी तो माझं नाव घेऊन लावला, तर मुकुंदसाठी होकार मिळेपर्यंत त्यांचे पाय धरीन. त्यांनी तो लावला नाही, तर सकाळच्या गाडीनं जाईन आणि पुन्हा या घराचं तोंड बघणार नाही. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती.

सूर्य बुडाला. आईनं आठही पेल्यांत तेल घातलं, वाती सोडल्या आणि घारगे तळायला आत गेली; कढई चुलीवर होती म्हणून तिला बाहेर येता येईना. रूबेन, आत्या आणि मी बाबांच्या मागं उभे राहिलो. बाबांनी डोक्यावर टोपी घातली, हातातली मेणबत्ती पेटवली. त्या आठ दिव्यांच्या उजेडात काही काम करायचं नसतं, तो नुसता बघायचा असतो. कामाला ही मेणबत्ती. बाबांनी हिब्रूतून प्रार्थना म्हटली. आवाज तोच होता, टपाल कचेरीत नावं पुकारायचा तसला, खणखणीत.

मग त्यांनी मेणबत्ती पुढं नेली. माझी नजर अगदी डावीकडच्या पेल्यावर होती. मेणबत्ती तिकडं आलीच नाही. ती फळीच्या मध्यावर गेली.

संपलं, मी म्हटलं.

मध्यावरच्या पेल्यात, म्हणजे आईच्या दिव्यात, वात पेटली आणि बाबा म्हणाले, "हा मिलकाचा. माझ्या शेंडेफळाचा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. मी पाच वर्षांची असताना म्हणायचे तसंच म्हणाले होते.

"हा रूबेनचा," म्हणून त्यांनी स्वतःचा दिवा लावला. "हा भावजींचा," म्हणून आजीचा. "हा आक्काचा," म्हणून आजोबांचा. आणि मेणबत्ती आणखी उजवीकडे नेली. तिथं पेला नव्हता, खिडकीचा गज होता. मेणबत्ती गजावर टेकली आणि मेणाचा थेंब खाली पडला.

बाबा थांबले. गजाला हात लावून पाहिला. मग फळीवरून हात फिरवला, उजवीकडून मध्यापर्यंत, आणि पुन्हा उजवीकडे.

"बाकीचे चार कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. "आईबाबांचे? आमचे दोघांचे? कुणी उचलले?"

चार दिवे जळत होते आणि त्यांच्या डावीकडे चार पेले, तेलानं भरलेले, वाती टाकलेले, त्यांच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, काळोखे उभे होते.

"अरे, हे काय इकडे!" आत्या म्हणाली. "डोळे फुटले काय तुझे?"

"कुठं?" बाबा म्हणाले.

"डावीकडे बघ की!"

"बघतोय ना, आक्का," बाबा म्हणाले. "चारच आहेत."

त्या क्षणी काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मीठ, हलवा, अर्धं पान, चौकटीवर आपटलेला खांदा, बाहेर जाताना चुकलेली आणि आत येताना सापडलेली मेझुझा, माझ्याकडच्याच गालावरची दाढी: सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. इस्पितळात मी असे दोन रुग्ण पाहिले होते. अर्धी चपाती खाऊन 'संपली' म्हणणारे, एकाच पायात चप्पल घालून निघणारे. त्यांचे डोळे धड असतात. मेंदूतल्या उजव्या बाजूच्या नसेत गुठळी अडकते आणि जगाला डावी बाजू असते हेच त्यांच्या ध्यानातून जातं. आपलं काही हरवलंय, हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मी त्यांच्या उशाला उभी राहून डॉक्टरांना हे भडाभडा सांगितलंही होतं. परीक्षेत लिहून शाबासकी मिळवली होती.

"बाबा, बसा तुम्ही," मी कशीबशी म्हणाले आणि त्यांच्या हातातली मेणबत्ती घेतली.

"रूबेन, कोण बोलतंय? मिलका ना?" त्यांनी उजवीकडे बघत विचारलं. रूबेननं त्यांना खुर्चीत बसवलं.

मी त्यांच्या डाव्या कानाशी उभी राहिले. "बाबा, समोर बघा. मेणबत्ती दिसली की सांगा." मेणबत्ती मी हळूहळू पुढं आणू लागले. त्यांच्या डाव्या गालाजवळ, त्या पांढऱ्या दाढीजवळ. काही नाही. डाव्या डोळ्यासमोर. काही नाही. ज्योत त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होती, त्यांना दिसत नव्हती. आत्याच्या तोंडून 'शमा'ची प्रार्थना सुरू झाली. नाकासमोर. काही नाही. मी मेणबत्ती नाकापलीकडे नेली, आणि मीही तिच्याबरोबर त्यांच्या उजव्या अंगाला आले.

बाबा दचकले.

"अगं, मिलके!"

त्यांचा सगळा चेहरा उजळला. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कालपासून नुसता आवाज ऐकतोय तुझा," ते म्हणाले. "समोर म्हणून येत नाहीस. मला वाटलं, पत्राचं उत्तर दिलं नाही म्हणून रुसलीस. म्हटलं, राग गेला की येईल आपणहून."

मी त्यांच्या पायांशी खाली बसले, उजवीकडे. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून माझं पत्र काढलं. दीड महिन्यात त्याच्या घड्या कापडासारख्या मऊ झाल्या होत्या.

"हे मला लागतच नाही बघ. ओळ कुठून सुरू होते तेच सापडत नाही. मधूनच काहीतरी शब्द. चष्मा बदलला पाहिजे. तुला कार्ड लिहायला बसलो तर तेही कागदाच्या काठावरून घसरायला लागलं. कोपऱ्यातलं तेवढं वाचता आलं." त्यांनी बोट ठेवलं. "'दुसऱ्या कुणाला दाखवू नका.' मग मी कुणाकडून वाचून घेणार?"

आई झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. झाऱ्यातून तेल जमिनीवर ठिबकत होतं.

"मला वाटलं, हात थरथरतो त्यांचा," ती म्हणाली. "डावीकडचे दिवे राहून जायचे. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी मागनं लावायची. दाढीचं मी त्यांना म्हटलंही होतं. न्हावी येतो त्या दिवशी दोन्ही गाल सारखे होतात, मग पुन्हा... मला काय ठाऊक गो?"

तिला काय ठाऊक असणार? ठाऊक मला होतं.

"काय लिहिलंयस ते तूच सांग आता," बाबा म्हणाले. "की सगळ्यांसमोर नको?"

मी सगळ्यांसमोरच सांगितलं. मुकुंद, टिपणीस, पेण, एक्स-रे. त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, कारण आता ते डोळे माझ्याकडे होते. आत्या भिंतीला टेकून खालीच बसली. बाबा ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू कमी होताना मला दिसला.

"मला राग येणार आहे, मिलका," ते शेवटी म्हणाले.

"येऊ दे, बाबा."

"खूप येणार आहे. पण आज नको. आज आठवा दिवस." मग त्यांनी विचारलं, "आणि मला काय झालंय? तुला कळलंय. तुझ्या तोंडावर दिसतंय. तू नर्स आहेस ना?"

मी नर्स होते. चोवीस तास त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं अर्धं पान बघून, मी माझं दुःख कुरवाळत होते. जगात दुसरं काही असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं. सोप्या शब्दांत, काही न लपवता. बाबा माझं बोलणं संपेपर्यंत हलले नाहीत.

"म्हणजे ते चार पेले आहेत तिथं?"

"आहेत, बाबा."

"आणि त्यात तुझा आहे."

"हो."

"मग तो आधी लावायला हवा होता," बाबा म्हणाले. "लाव. माझा हात धरून लाव."

मी त्यांना उभं केलं, मेणबत्ती त्यांच्या हातात दिली आणि तो हात धरून डावीकडे नेला, त्यांच्या लेखी जिथं काहीच नव्हतं तिथं. एकेक करून चारही वाती पेटल्या. "लागला?" ते प्रत्येक वेळी विचारत होते. "लागला," मी सांगत होते. खुर्चीत बसून त्यांनी समोर पाहिलं. त्यांना चारच दिसत होते.

"पेले उचलून इकडे आणते," मी म्हणाले.

"खबरदार!" आत्या रडता रडता ओरडली. "लावलेला दिवा हलवायचा नसतो!"

"मग मला हलवा," बाबा म्हणाले.

रूबेननं आणि मी दोन बाजूंनी खुर्ची धरली आणि बाबांसकट उचलून दाराकडे तोंड करून ठेवली. खिडकी त्यांच्या उजव्या हाताला आली. बाबांनी मान वळवली. मग टपाल मोजायचे तसं बोट पुढं करून मोजू लागले. पाचाला थांबले, श्वास घेतला, आणि सहा, सात म्हणाले.

"आठ," ते म्हणाले. "ही तू."

आणि त्यांनी माझ्यापुढं हात केला, एकच, उजवा. डावा त्यांच्या मांडीवर कुणाचा तरी असल्यासारखा पडून होता. मी तो उचलला, उजव्याशेजारी ठेवला, दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि बोटं ओठांना लावली.

सकाळच्याच गाडीनं आम्ही निघालो, पण सगळे मिळून, बाबांना घेऊन इस्पितळात. बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. डावी बाजू थोडी परत आली, पुरती कधीच आली नाही. राग मात्र ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशीच आला आणि चांगला वर्षभर टिकला. त्या रागातला एकेक शब्द मी त्यांच्या उजवीकडे बसून ऐकला.